पाहुणीसमोर मूल आणायचं नसतं

स्ट्रॉबेरी फळाला धरून ओढायची नाही. देठ दोन बोटांत धरायचा आणि मनगट वळवायचं.

फिदेलियाच्या घरातल्या एकूण एक झाकणाला पोचे आहेत.

“मुलासमोर जमिनीवर बसा. त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या.” पाठ पहिला, छापील.

मोले, म्हणजे आमचा मिरच्यांचा दाट रस्सा, नीट जमायला मिरच्या आदल्या दिवशी भाजाव्या लागतात. शेजाऱ्यांना ठसका लागतो आणि मग त्यांनाही एक वाटी द्यावी लागते.

उंच ट्रकच्या चालकाला अगदी पुढ्यातलं लहान मूल दिसत नाही.

इथल्या, सांता मारिया गावाच्या धुक्याला ओल्या प्लॅस्टिकचा वास असतो.

आमच्या डोंगरात घरी पाहुणा आला की मुलं बाहेर जातात. त्यांना कोणी सांगावं लागत नाही.

हे सगळं एकाच घराबद्दल आहे. आता क्रमाने सांगते.

*

मी होविता. सीमेपलीकडच्या ओआहाकातल्या डोंगरातून इथे कॅलिफोर्नियात आले त्याला इतकी वर्षं झाली की गावाकडची वाट मी आता स्वप्नातसुद्धा चुकते. आधी स्ट्रॉबेरीच्या शेतात होते. गुडघे गेले, मग केंद्रात लागले. हे केंद्र ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईबापांना शिकवतं: मुलाशी घरच्या घरी कसं वागायचं, त्याच्याकडून काय आणि कसं करून घ्यायचं. तज्ज्ञाची वाट बघत बसलं तर मूल मोठं होऊन जातं, आणि आमची मिश्तेक भाषा बोलणारा तज्ज्ञ तर अजून जन्माला यायचाय. म्हणून आईबापांनाच शिकवायचं, अशी कल्पना. कल्पना चांगली आहे. माझा पगार तिच्यातून येतो म्हणून नाही म्हणत.

शिकवायचं काम लिसेतचं. ती लॉस एंजेलिसची, तिशीतली, बोलायला चटपटीत. तिचं स्पॅनिश मी घराघरांत आमच्या भाषेत सांगते. पाठ छापील आहेत. कुठेतरी दूर, मोठ्या घरांच्या गावात, ज्या घरांत खेळण्यांसाठी वेगळी खोली असते, तिथे ते तयार झाले आणि तिथे ते चालतातही.

फिदेलिया, तिचा नवरा सिरिलो आणि मुलगी यारेली एका घरामागच्या गॅरेजमध्ये राहतात. पुढच्या घरात आणखी दोन कुटुंबं. गॅरेजचं दार उघडलं की अंगण, अंगण संपलं की रस्ता. मध्ये फाटक नाही. हंगामात त्या रस्त्यावरून शीतगृहाकडे जाणारे ट्रक दिवसभर धावतात. यारेली चार वर्षांची. बोलत नाही, हाकेला वळत नाही, आणि दार उघडं दिसलं की सुटते.

पहिल्या फोनवरच मी फिदेलियाला विचारलं होतं, तुला काय हवंय? बाकीच्या आया म्हणतात, बोलायला पाहिजे, शाळेत जायला पाहिजे. ही म्हणाली, “थांब म्हटलं की थांबावी. बाकीचं मग बघू.”

*

पहिल्या भेटीत मोले होतं.

घरात दोनच खुर्च्या. त्या आम्हाला. फिदेलिया शेगडीपाशी उभी, सिरिलो दारापाशी टोपी हातात घेऊन उभा. लिसेतने एक घास खाल्ला, डोळे मिटले, मग आठवण झाल्यासारखे उघडले.

“मुलगी कुठे आहे?”

मी विचारलं.

“आहे ना,” फिदेलिया म्हणाली. “छान सांभाळलीय. तुम्ही घ्या की आणखी.”

मी लिसेतला सांगितलं, “छान सांभाळलीय म्हणते. आणखी घ्या म्हणते.”

लिसेतने खेळण्यांची पिशवी मांडीवर घेतली, खाली ठेवली, पुन्हा घेतली. शेवटी तिने पाठ तोंडीच सांगितला. नवरा-बायको दोघंही मान हलवत होती. आमच्याकडे समोरचा माणूस बोलत असला की मान हलवतात. त्याचा अर्थ एवढाच, की आवाज ऐकू येतोय.

दुसऱ्या भेटीत टर्कीचा रस्सा. मुलगी नाही. छान सांभाळलीय. निघताना डब्यात बांधूनही दिला.

केंद्राचा नियम असा: तिसऱ्या भेटीतही मूल घरी नसेल तर त्या कुटुंबाची जागा दुसऱ्याला. आणि पाच वर्षांवरचं मूल केंद्र नव्याने घेत नाही. म्हणजे यारेलीची जागा गेली असती तर ती कायमचीच गेली असती.

*

गाडीत:

“त्यांना हे नकोच आहे, होविता,” लिसेत म्हणाली.

“नको आहे? बाईने तुझ्यासाठी टर्की कापली.”

“मला टर्की नकोय, मला मुलगी हवीय!”

“हळू बोल. काच खाली आहे. लोकांना वाटेल आपण पोरं पळवतो.”

“दोनदा गेलो. दोनदा विचारलं. छान सांभाळलीय, छान सांभाळलीय! कुठे असते ती?”

“पुढच्या घरात. फिदेलियाच्या चुलतबहिणीकडे.”

“तुला माहीत होतं?”

“त्यात माहीत काय असायचंय? घरात पाहुणी आली होती.”

“कोण पाहुणी?”

“तू.”

लिसेतने गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. पिकातून फवाऱ्यांचा आवाज येत होता.

“मूल नाही म्हणून ते घर जाणार आणि तू माझ्या शेजारी बसून रस्सा ओरपत होतीस. का नाही सांगितलंस?”

“पाहुणी आली की तुमची मुलं कुठे जातात, हे तू का नाही विचारलंस?”

“असं कोण विचारतं?”

“आणि असं कोण सांगतं? मी तरी काय उठून सांगू, की बाई, श्वास घेताना नाक वापरतात?”

ती हसली नाही. मीही नाही. मला खरंच सुचलं नव्हतं. जेवायला बसले, ताट समोर आलं, आणि केंद्राचं माणूस म्हणून आले आहे हे विसरून मी पाहुणीच झाले होते.

*

रविवारी धुलाईच्या दुकानात फिदेलिया भेटली. आमची निम्मी वस्ती रविवारी तिथेच असते. यारेली एका फिरत्या यंत्रासमोर काचेला कपाळ लावून उभी होती. हे तिचं सगळ्यात आवडतं ठिकाण. इथून ती पळत नाही.

“पुढच्या वेळी हिला घरात ठेव,” मी म्हटलं.

“पाहुणीसमोर?”

“ती हिच्यासाठीच येते, अगं.”

“दोन्या होविता,” ती म्हणाली; मोठ्या बाईला आमच्याकडे मानाने दोन्या म्हणतात. “पाहुणीसमोर मूल आणायचं नसतं. तुम्ही आमच्याच ना? आणि माझं मूल तर…” तिने एक चादर झटकली. “भावाच्या बाळाचा बाप्तिस्मा होता. हिने केकमध्ये कोपरापर्यंत हात घातला. बाळाची धर्ममाता सगळ्यांसमोर म्हणते, वेळीच दोन फटके दिले असतेस तर हे ऑटिझम झालंच नसतं.”

“मग?”

“मी म्हटलं, तुम्ही तुमच्या पोराला एवढे दिलेत, त्याला अजून नोकरी का नाही लागली?”

शेजारच्या यंत्रात कपडे टाकणारी एक बाई फिस्सकन हसली. फिदेलिया नाही हसली. चादरीची टोकं जुळवत राहिली.

“शहरातली बाई येते. शिकलेली. घरात दोन खुर्च्या. त्यात ही तिच्या ताटात हात घालणार, झाकणं आपटणार, अंगावर सांडणार. म्हणजे मी तिला काय दिलं?”

“पण मुलगी दिसली नाही तर जागा जाईल. हंगाम संपायच्या आत ती पाच वर्षांची होतेय.”

चादरीची घडी झाली. फिदेलिया ती छातीशी धरून उभी राहिली. यंत्रं घरघरत होती.

“तर मग,” ती म्हणाली, “त्या बाईला सांगा, पाहुणी होऊ नका.”

मला दोन वेळा सांगावं लागलं नाही. आमच्याकडे लग्नाला आलेल्यांतलं कोण घरचं आणि कोण बाहेरचं, हे कसं ओळखायचं? ज्याला खुर्ची मिळते तो बाहेरचा. जिला पाट्यावर मिरच्या वाटायला बसवतात ती घरची.

त्या दिवशी मी लिसेतला फोन केला. “काम करायचे कपडे घाल. अंगठ्या घरी काढून ठेव. खेळण्यांची पिशवी आणायची तर आण. खुर्ची मिळणार नाही.”

“मी काय करायचंय तिथे?”

“तोर्तिया थापायच्या.”

“मला येत नाहीत.”

“उत्तमच.”

*

पाठ दुसरा, छापील: “मुलाच्या प्रत्येक छोट्या यशाचं उत्साहाने कौतुक करा.”

पाठ दुसरा, झाला तसा:

शेतात औषध फवारलं होतं म्हणून सिरिलोला सुट्टी. फिदेलियाने दारातच लिसेतच्या हातात मक्याच्या पिठाचा ओला गोळा दिला. लिसेतने तो थापला. सिरिलो वाकून बघत म्हणाला, “हा कुठल्या देशाचा नकाशा?”

मी भाषांतर केलं. लिसेत म्हणाली, “त्यांना सांग, अजून सीमेचा वाद चालू आहे.” सिरिलो पहिल्यांदा मोकळा हसला.

यारेली तव्यापलीकडे जमिनीवर झाकणं फिरवत बसली होती. एक थांबायच्या आत दुसरं. कोणाकडे पाहिलं नाही. तिची एक चप्पल सुटली, तिने ती स्वतःची स्वतः घातली, आणि लिसेतने पाठात म्हटल्याप्रमाणे टाळ्या वाजवून जोरात “वाऽऽऽ!” केलं. यारेलीने कानांवर हात दाबले.

फिदेलियाने मला विचारलं, “हिला काही चावलं का?”

“ती यारेलीचं कौतुक करतेय.”

“चप्पल घातल्याचं? उद्या जेवली तर बँड बोलवायचा का?”

मग ठोकळे काढले. आता बाप खेळेल, असं लिसेत म्हणाली. सिरिलो जागचा हलला नाही. “दार उघडं आहे, दोन्या. गडी माणूस भरदिवसा जमिनीवर ठोकळे रचताना दिसला तर पुढच्या घरातले म्हणतील, याचं काम गेलं.” तोवर यारेलीने ठोकळे एकेक करून दाराबाहेर फेकले होते. नीट, एका ओळीत. राग नव्हता त्यात. ते घरातले नव्हते, एवढंच.

लिसेतने रिकामी पिशवी घडी करून बाजूला ठेवली. नकाशे थापत राहिली, बघत राहिली. तिच्याबद्दल मला तेव्हापासून आदर आहे. गप्प बसून बघणं हे शिकवणाऱ्या माणसाला फार जड जातं.

भाजल्याचा वास सुटला तशी यारेली उठून आईच्या कोपरापाशी आली. कोणी बोलावलं नव्हतं. हात पुढे केला, फिदेलियाने न बघताच त्यात छोटा गोळा ठेवला, यारेलीने तो थापला, तव्यावर टाकला, पुन्हा हात पुढे केला. या दोघी हे रोज करत असणार. आमच्याकडे पोरी अशाच शिकतात, कोपराशी उभ्या राहून. शिकवतंय असं कोणाला वाटतही नाही.

“थांबा,” लिसेत कुजबुजली. “पुढचा गोळा लगेच देऊ नका म्हणावं. हातात धरून ठेवा. बोलू नका. फक्त वाट बघा.”

मी सांगितलं. फिदेलियाने गोळा धरून ठेवला.

यारेलीचा हात पुढेच. बोटं उघडली, मिटली. तिने गोळ्याकडे पाहिलं. आईच्या मनगटाकडे पाहिलं. तव्यावरची तोर्तिया करपायला लागली, कोणी उलटली नाही. मग तिने मान वर केली आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं. सरळ.

फिदेलियाने गोळा दिला.

“ही माझ्याकडे असं कधी बघत नाही,” सिरिलो म्हणाला.

“तुमच्या हातात गोळा कधी असतो?” बायको म्हणाली.

सिरिलोने टोपी खिळ्याला लावली आणि हात धुवायला गेला.

*

पाठ नेमून दिल्याप्रमाणे होतायत की नाही हे पाहण्यासाठी केंद्राला व्हिडिओ लागतो: आई मुलाशी खेळतेय, मुलाशी बोलतेय. आम्ही तव्याचा व्हिडिओ पाठवला. केंद्राच्या प्रमुख हॅल्वर्सनबाईंनी बोलावून घेतलं. उंच, सावकाश बोलणाऱ्या. लिसेतने त्यांचं इंग्रजी मला सांगितलं, पण बरंचसं मला कळतं.

“सुंदर आहे,” त्या म्हणाल्या. “पण हा आपला कार्यक्रम नाही. आई खेळत नाही. आई बोलत नाही. खेळणी नाहीत. कौतुक नाही. तुम्हाला जे आवडलं नाही ते तुम्ही काढलं आणि उरलं त्याला तेच नाव दिलं.”

“मुलीने वर पाहिलं ते दिसलं का?” लिसेतने विचारलं.

“दिसलं. एकदा. मी दुष्टपणाने बोलत नाहीये. हे पाठ चालतात हे आम्हाला माहीत आहे, कारण ते ठरलेल्या पद्धतीने दिले जातात. प्रत्येक घरी वेगळं केलं, तर कशाने गुण आला हे कळायचं कसं? आणि गुण आला नाही, तर त्या पोरांचं वर्ष गेलं, त्याला जबाबदार कोण?”

हा प्रश्न खरा होता. म्हणून मी लिसेतची वाट न बघता माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, “बाई, ठोकळा महत्त्वाचा की वाट बघणं?”

त्या म्हणाल्या, “वाट बघणं.”

“जमिनीवर बसणं महत्त्वाचं की जवळ असणं?”

“जवळ असणं.”

“मग जे महत्त्वाचं आहे त्यातलं आम्ही काही काढलेलं नाही.”

“बोलणं?” त्या म्हणाल्या. “ते महत्त्वाचं आहे. आणि ते तुम्ही काढलंय.”

इथे मी अडले. फिदेलिया खरंच एक शब्द बोलली नव्हती. काम करताना आम्ही बोलत नाही, बोललो तर कामाबद्दल नाही. पण शब्द कानावर पडला नाही तर यारेलीला “थांब” कळणार कसं? ज्या एका गोष्टीसाठी फिदेलियाने आम्हाला बोलावलं होतं, ती गोष्टच एक शब्द होता.

“बोलेल,” मी म्हटलं. “बडबड नाही करणार. पण एक शब्द बोलेल.”

“ठीक,” हॅल्वर्सनबाई म्हणाल्या. “जागा हंगाम संपेपर्यंत ठेवते. आईने जे मागितलं ते तुमच्या पद्धतीने झालेलं मी स्वतः येऊन बघेन. नाही झालं, तर बाकीच्या घरांमध्ये छापील पाठच चालतील.”

जिना उतरताना लिसेत म्हणाली, “आता एक घर नाही राहिलं. आता सगळीच घरं झाली.”

“चल,” मी म्हटलं. “पीठ भिजवायचंय.”

*

जे जमलं नाही ते:

नावाने हाक मारून गोळा देणं. यारेली नाव ऐकतच नाही, गोळा बघते.

लिसेतचा थांबा-पळा खेळ. यारेलीला पळा आधीपासून येत होतं.

दारावर लाल हाताचं चित्र. तिने ते सोलून काढलं आणि खाल्लं.

सिरिलोचं ओरडणं.

*

मग एक दिवस ती खरंच रस्त्यापर्यंत गेली. आम्ही तिथे नव्हतो, फिदेलियाने नंतर सांगितलं. कोणीतरी सायकल आत घेताना दार उघडं टाकलं. ट्रकचा भोंगा वाजला तेव्हा फिदेलियाचे हात साबणात होते. चालक उतरून कडेला बसला आणि रडायला लागला, तोही आमच्याच डोंगराकडचा. यारेली ट्रकच्या चाकाची चकाकती टोपी बघत उभी होती. तिला काहीही झालं नव्हतं.

आम्ही गेलो तेव्हा सिरिलो दाराला आतून फळी ठोकत होता.

“बस झालं शिकणं,” तो म्हणाला. “दार बंद.”

“किती दिवस?” फिदेलियाने विचारलं.

“मोठी होईपर्यंत.”

“आणि मोठी झाली, दार उघडलं, की रस्ता आपोआप कळेल?”

“मग काय करू? मी दिवसभर शेतात. वाफ्यात वाकलो की कानात तो भोंगा वाजतो.”

“माझ्याही वाजतो.” तिने त्याच्या हातातला हातोडा काढून घेतला. “रात्री फळी लावा. दिवसा काढा. दिवसा मी हिला शिकवणार आहे.”

लिसेत काही बोलायला गेली, मी तिच्या पायावर पाय दिला.

फिदेलियाने वाळत घातलेले कपडे आणायला टब उचलला. पत्र्याचा, दोन बाजूंना लोखंडी कड्यांचा. एक कडी तिने धरली आणि दुसरी, वाजते म्हणून, यारेलीने पकडली. दोघी अंगणातून निघाल्या. फिदेलियाचा दिवसभर कपडे पिळून अवघडलेला हात मध्येच दुखला, ती थांबली. टब थांबला. टब थांबला म्हणून यारेली थांबली.

लिसेत म्हणाली, “शब्द! आत्ता शब्द!”

मी ओरडले, “म्हण, थांब म्हण!”

फिदेलियाने म्हटलं. आमच्या भाषेत, खालच्या आवाजात, जसं ती जनावराला किंवा नवऱ्याला म्हणेल.

*

पाठ तिसरा, छापील होण्याआधीचा, मी सांगितला आणि लिसेतने लिहून घेतला:

दोन कड्यांचं काहीतरी घ्या. रिकामं नको, मुलांना खोटं काम कळतं. मूल एकीकडे, तुम्ही दुसरीकडे. चाला. थांबताना शब्द म्हणा. शब्द आधी नको, नंतर नको, थांबतानाच. मग वाट बघा. मूल तुमच्याकडे बघेल किंवा बघणार नाही. पुन्हा चाला. कौतुक करायचं असेल तर काम संपल्यावर करा, आणि एवढंच म्हणा: बरं झालं तू होतीस.

शेवटचं वाक्य फिदेलियाचं. आमच्याकडे याहून मोठं कौतुक नाही.

त्या दिवसांत फिदेलियाने धुतलेले कपडे पुन्हा धुतले. सिरिलो शेतातून आल्यावर जेवायच्या आधी टब उचलायचा. पुढच्या घरातले म्हणायला लागले, तुमच्याकडे एवढी धुणी कसली निघतात? सिरिलो म्हणायचा, “बायको फार स्वच्छ आहे, काय करू.” पुढे पुढे टबात कपडे कमी झाले. मग यारेलीच्या हातात नुसती दोरी आणि दुसरं टोक आईच्या हातात. मग दोरी ढिली. मग एक दिवस दोरी नाही, नुसता शब्द. ती थांबली नाही. पुन्हा दोरी.

धुकं उशिरापर्यंत राहायला लागलं. वाफ्यांत फळ बारीक झालं. हंगाम सरत आला.

*

हॅल्वर्सनबाई आल्या त्या दिवशी फिदेलियाने त्यांच्या मांडीवर घेवड्याच्या दाण्यांचं ताट दिलं आणि खडे काढायला सांगितले. खुर्ची दिली नाही. त्या एवढ्या उंच, उलट्या बादलीवर बसल्यावर गुडघे कानापाशी आले. मी विचार करत होते हे त्यांना कसं समजावू, पण त्यांनी चष्मा लावला आणि खडे काढायला सुरुवात केली.

“तुमच्या हाताला वळण आहे,” फिदेलिया म्हणाली.

“माझं बालपण शेतावर गेलं,” त्या म्हणाल्या. “बीट होतं. पोटापुरतं.”

दार उघडं होतं. ते मुद्दाम उघडं होतं. सिरिलो अंगणाच्या टोकाला, रस्त्याकडे पाठ करून, हात पसरायच्या तयारीत उभा होता. यारेलीने झाकण फिरवलं, ते पडायच्या आत उठली आणि निघाली. आमच्यामधून, दारातून, अंगणात. लांबून ट्रक येत होता.

फिदेलिया जागची हलली नाही. तिने शब्द म्हटला. ओरडली नाही.

यारेलीचा एक पाय पुढे पडला आणि दुसरा आलाच नाही. ती तशीच उभी राहिली. वळून बघितलं नाही. तिचा उजवा हात कमरेपाशी मुठीत आवळलेला होता, लोखंडाची कडी धरल्यासारखा. ट्रक गेला. धूळ आली. सिरिलोने डोळे पुसले, धुळीमुळे असतील.

फिदेलिया चालत गेली, तिच्या शेजारी उभी राहिली आणि म्हणाली, “बरं झालं तू होतीस.”

हॅल्वर्सनबाईंनी ताट खाली ठेवलं. “हिची जागा राहील.”

“बाकीची घरं?” मी विचारलं.

“एकेक घर बघू.”

“एकेकच असतात, बाई.”

त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडे मान हलवण्याचा अर्थ होकार असतो. लिसेत तव्यापाशी होती. तिच्या तोर्तिया आता गोल व्हायला लागल्या होत्या, पण आम्ही तिला सांगितलं नव्हतं.

तेवढ्यात यारेली पुन्हा सुटली. फिदेलियाने शब्द म्हटला. या वेळी ती थांबली नाही. सिरिलोने तिला रस्त्याच्या कडेला अर्ध्यात उचललं आणि काखेत घेऊन परत आला. ती पाय झाडत होती. हॅल्वर्सनबाईंच्या कपाळाला आठी पडली, ती मी पाहिली. फिदेलियानेही पाहिली.

फिदेलियाने टब ओढला. कोरडे कपडे होते, तेच त्यात भरले. एक कडी स्वतः धरली. दुसरी सोडून दिली आणि उभी राहिली. बोलली नाही. वाट बघत राहिली, आम्ही सगळेच बघत राहिलो, तव्यावर काहीतरी करपलं, आणि यारेली बापाच्या काखेतून घसरून खाली उतरली, आली, तिने कडी धरली.

“पुन्हा,” फिदेलिया म्हणाली.

यारेली जन्मली त्या दिवशीसुद्धा तिची आई जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेतात होती; हातातला वाफा पुरा करूनच उठली.